पंपहाउसचं कुलूप

११ मे

स्वरयंत्रावरची गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, एक महिना एक शब्दही नाही, कुजबुजसुद्धा नाही. आमखास मैदानावर माइक बंद पडला तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या गळ्यावर पोचलेली बाई मी. आता भाजीवालीला पाटीवर लिहून कोथिंबीर मागते. शहरात राहिले तर कोणीतरी येणार, काहीतरी बरळणार आणि मी उत्तर देणार. म्हणून पैठणच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पाण्याकाठी, पिंपळठाणला पारूमावशीकडे आले. बोलायचं ते आता या वहीत.

मावशीनं दारातच तोंडावरून हात फिरवला. "बरं झालं गप बसलीस, विशे. आता तरी दुसऱ्याचं ऐकशील."

मी पाटीवर चार ओळींचं सणसणीत उत्तर लिहिलं. ती म्हणाली, "मला काय दावतीस? मला वाचता येतं व्हय?" मग तिची सून रूपाली वाचून दाखवते आणि वाचताना माझ्या वाक्यातली धार काढून टाकते.

या घराची जमीन धरणाच्या पाण्याखाली आहे. तेव्हापासून त्याच पाण्यातून मासे काढून घर चालतं. पुंडलिककाका, म्हणजे मावशीचे यजमान, गेल्या सप्टेंबरात वीज पडून गेले. तेव्हा मी नागपूरला सभेत होते. शेवटचं तोंड बघायलाही पोचले नाही.

१३ मे

आज धम्मपालनं होडीतून ती जागा दाखवली. धम्मपाल म्हणजे मावशीचा मुलगा, रूपालीचा नवरा. कमी बोलतो, चांगलं वल्हवतो.

बंद पडलेल्या उपसा योजनेचं पंपहाउस आहे. सिमेंटची भक्कम खोली, पाण्यापासून पन्नास पावलांवर. दोन कोसांच्या काठावर दुसरं छप्पर नाही. आभाळ गडगडलं की सगळ्या होड्या तिथं लागायच्या. गेल्या उन्हाळ्यात भोवतीची, धरणाचं पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी गाळपेर जमीन कसणाऱ्या नानासाहेबांनी तिच्यात आपली मोटर बसवली आणि दाराला कुलूप घातलं. त्यांची माडी वर टेकाडावर दिसते, पण धावत गेलं तरी दहा मिनिटं. सप्टेंबरात काका त्या दारापर्यंत पोचले होते. कुलूप पाहून शेजारच्या बाभळीखाली उभे राहिले.

भिंत सरकारची, कुलूप नानासाहेबांचं, मरण आमचं.

"अंगावर कुणीतरी सोलापुरी चादर टाकली होती," धम्मपाल म्हणाला. "कुणाची ते कळलं नाही. मागायला पण कुणी आलं नाही."

१४ मे

झोप नाही. माणूस विजेनं मेला म्हणणं सोपं आहे. वीज कुणाला ओळखत नाही. कुलूप ओळखतं.

१८ मे

अर्ज लिहिला, सतरा सह्या आणि अंगठे घेतले. रूपालीला बरोबर घेऊन नानासाहेबांच्या ओसरीवर गेले. पांढरा सदरा, समोर अडकित्ता. गृहस्थ हसतमुख आहेत. हसतमुख माणसाशी भांडणं सर्वांत अवघड.

"या प्राध्यापकबाई. शहरात ऐकणारे संपले का?" मग पाटी दिसली. "अरेच्चा, पुन्हा पहिलीत घातलं वाटतं!"

मी अर्ज पुढे केला. त्यांनी पूर्ण वाचला. "हे बघा, मागल्या साली माझी मोटर गेली. केबल कापून नेली. कुलूप हौसेनं लावलेलं नाही. उद्या परत गेली तर तुम्ही भरून देणार का?"

मी लिहिलं, "मोटरची भरपाई होते. पुंडलिकची होत नाही."

त्यांचं हसू गेलं. आतल्या दारात त्यांच्या पत्नी आवडाबाई चहाचा ट्रे घेऊन थबकल्या होत्या. ट्रेमधल्या कपबशा वाजत होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. अशा बाया पाहिल्या की मला राग येतो. गळा शाबूत असून मुक्या.

परत येताना पंपहाउसच्या गजांतून आत डोकावले. खोली झाडलेली. गोणपाट अंथरलेलं, पाण्याचा भरलेला माठ, कोपऱ्यात चादरींची चवड. काका बाहेर मेले आणि हे आत पार्ट्या झोडणार! मनात नोंद करून ठेवली. भाषणात वापरीन.

२१ मे

मावशीबरोबर पाण्यावर गेले. रूपालीही होती. दुपारी चारला जाळं टाकायला सुरुवात केली. पाण्यात बुडालेल्या वाळक्या बाभळींवर शंभरेक बगळे बसले होते. एकाएकी सगळे उठले आणि काठाकडे गेले. मावशीनं अर्धं टाकलेलं जाळं ओढायला घेतलं. "बगळं फिरलं. चला."

आभाळात ढगाचा कापूस नाही! मी पाटीवर लिहिलं, "बगळ्यांनी हवामानशास्त्र कुठं शिकलं?" रूपालीनं वाचलं.

मावशी म्हणाली, "तू पव्हायला शिकशील त्या दिवशी सांगते."

मी रूपालीला लिहून समजावलं. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत आकडे मोजायचे. तीसच्या आत आवाज आला तर छपराखाली जायचं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. याला शास्त्र म्हणतात. रूपालीनं ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं. मावशी म्हणाली, "गडगडल्यावर निघायचं असंल तर छप्पर जवळ पाहिजे, बाई. आता नाय ना." मी पाटी खाली ठेवली. उत्तर घरी सुचलं, पण तेव्हा ती भाकरी थापत होती.

आमच्याकडे थेंबही पडला नाही. रात्री फोन आला, बिडकीनकडे गारा पडल्या. योगायोग.

२४ मे

अर्जाला उत्तर नाही. मग ठरलं. मंगळवारी पंपहाउससमोर पाण्यात पाच होड्या एका ओळीत उभ्या करायच्या. कुलूप निघेपर्यंत हलायचं नाही. शहरातून दोन पत्रकार येणार आहेत. प्रत्येक होडीवर पांढरा झेंडा, लाल अक्षरांत: विजेपासून निवारा हा आमचा हक्क आहे.

सांडू नावाचा मच्छीमार आहे, मिश्कील माणूस. लग्नाचे मांडवही घालतो. त्यानं दहा फुटी लोखंडी पाइप दिले. "वरात पाण्यातून काढायची म्हना की, ताई!"

मावशी पाइपाकडे बघत राहिली. "बांबू चालला नसता व्हय?"

मी लिहिलं, "बांबू वाकतो. आपण वाकायचं नाही."

रूपालीनं हे वाक्य धारेसकट वाचलं. सांडूनं टाळी दिली. बऱ्याच दिवसांनी अंगात वीज खेळली.

२६ मे

मावशी म्हणते, उद्या नको. दोन दिवस कुंद आहे, मासा जाळ्याला लागत नाही, मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढल्यात. मी लिहून विचारलं, मग कधी? "आभाळ मोकळं असंल तवा." मोकळ्या आभाळाखाली विजेच्या निवाऱ्यासाठी कोण आंदोलन करतं! पत्रकार पुन्हा येणार नाहीत. तारीख जाहीर केली की ती पाळायची, हा माझा तीस वर्षांचा नियम आहे.

शंका लिहून ठेवते. माझा आवाज गेल्यापासून मला गर्दी बघावीशी वाटते आहे. हे आंदोलन त्यांच्यासाठी किती आणि माझ्यासाठी किती? प्रश्न चुकीचा आहे. काकांसाठी आहे.

२८ मे

काल लिहू शकले नाही. आज जसं घडलं तसं लिहिते. वही तरी खोटी नको.

पाच होड्या, अकरा माणसं. दुपारी बारापासून पंपहाउससमोर तीनशे फुटांवर उभे होतो. झेंडे सुंदर फडकत होते. काठावर नानासाहेब दोन माणसांसह येऊन गेले. "उन्हात बसा, अंगाला चांगलं असतं," म्हणाले. पत्रकार आले नाहीत.

तीनच्या सुमाराला बगळे उठले. सगळे एकदम. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी लिहिलं, "आज हललो तर उद्या आपल्याला कोणी मोजणार नाही." रूपालीनं वाचलं. कोणी हललं नाही. माझ्या शब्दाला लोक थांबतात. इतकी वर्षं याचाच अभिमान होता.

चारला पश्चिम काळी झाली. वारा पडला. वीज चमकली. मी मोजायला लागले, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. वीसला गडगडलं.

मी पाटीवर चाळीस लिहिलं.

का लिहिलं? नानासाहेब काठावर परत आले होते म्हणून. अर्धा तास अजून धरलं असतं तर ते वाकले असते, असं मला वाटलं म्हणून. दुसरं कारण नाही.

रूपालीनं मोठ्यानं वाचलं, "चाळीस. अजून लांब आहे." मावशीनं दोन्ही हात वल्ह्यावर ठेवले. तिला आकडे वाचता येत नाहीत, पण मोजता येतात.

पाचेक मिनिटं गेली असतील. माझ्या हातावरची लव उभी राहिली. शेजारचा पाइप गुणगुणायला लागला, मधमाशीसारखा. तेव्हा मला दिसलं. सपाट पाणी, त्याच्यावर पाच होड्या, प्रत्येक होडीत दहा फूट उभं लोखंड. पाच होड्यांवर पाच वीजवाहक मी स्वतःच्या हातानं उभे केले होते. सातवीच्या पुस्तकातला धडा. मी, जी बगळ्यांना शास्त्र विचारत होते.

पाटीवर लिहायला वेळ नव्हता. मी ओरडले.

"पाइप टाका! पाण्यात टाका! किनाऱ्याला चला!"

गळ्यात काहीतरी फाटलं. रक्ताची चव आली. तरी पुन्हा ओरडले, पाचव्या होडीपर्यंत. आजवरचं माझं सर्वांत छोटं भाषण. पाच पाइप झेंड्यांसकट पाण्यात गेले. सगळे वाकून वल्ही मारत सुटले. आम्ही गाळात उतरलो आणि मागं, होड्या होत्या तिथून हाकेच्या अंतरावर, बुडालेल्या बाभळीवर वीज पडली. आवाज नव्हे, धक्का. बाभूळ उभी चिरली.

मावशी सगळ्यांच्या पुढे होती, साठी ओलांडलेली बाई. तिनं दाराचं कुलूप धरून ओढलं. ते तिच्या हातात आलं. तुटलं नाही. नुसतं अडकवलेलं होतं, दाबलेलंच नव्हतं. अकराजण आत. मी खुणेनं सगळ्यांना मोटरपासून, भिंतीपासून लांब, मध्ये बसवलं. एवढं शास्त्र माझ्याकडं उरलं होतं. सांडू म्हणाला, "वरात पोचली एकदाची." कोणी हसलं नाही, मग एकदम सगळेच हसले. रूपाली चादरी वाटत होती.

नानासाहेबांची माणसं गडबडीत कुलूप दाबायला विसरली असणार. त्यांचा हलगर्जीपणा आमच्या कामी आला.

३० मे

डॉक्टर चिडले. शिवण उसवली आहे. पुन्हा तीन आठवडे मौन, आणि त्यानंतरही आवाज घोगरा राहील. मैदान भरण्याइतका येणार नाही. मी लिहिलं, "माइक असतात." त्यांनी मान हलवली. दवाखान्याच्या जिन्यात बसून दहा मिनिटं रडले. पुरे.

१ जून

नानासाहेबांनी ग्रामपंचायतीत तक्रार दिली आहे: धम्मपालनं कुलूप तोडून आत शिरून मोटरीची नासधूस केली. शुक्रवारी ग्रामसभा. तिथं मिटलं नाही तर पोलिसांत जाणार. पंपहाउसला नवं कुलूप, पहिल्यापेक्षा दुप्पट.

या! याचीच वाट पाहत होते. रात्रभर बसून भाषण लिहिलं, रूपाली वाचणार. सुरुवात अशी: "होय, आम्ही कुलूप तोडलं! माणूस मारणारं प्रत्येक कुलूप आम्ही तोडू!" हे वाक्य ऐकून दगडही उठून उभा राहील.

२ जून

रूपालीकडून मावशीला भाषण वाचून दाखवलं. तिनं पहिल्याच वाक्याला थांबवलं. "तोडलं नाय, तर तोडलं कशाला म्हनायचं?"

मी लिहिलं, "तोडण्यात ताठ मान आहे. उघडं सापडलं म्हणण्यात काय आहे?"

"खरं हाय," ती म्हणाली. "आन तुझ्या ताठ मानेपायी माझा लेक चौकीत जाईल."

मग उठून तिनं पंपहाउसातून अंगावर आलेली चादर दोरीवरून काढली, धुऊन वाळलेली. पेटीतून दुसरी काढली. काकांच्या अंगावर होती ती. दोन्ही माझ्या मांडीवर ठेवल्या. दोन्हींच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं "आ" भरलेला.

माझ्या डोक्यात कपबशा वाजल्या.

"तुला कधीपासून माहीत आहे?" मी लिहिलं.

"मला वाचाय येत नाय, पर ही खूण तिच्या धुण्याच्या दोरीवर बघितली की मी. मग तिनंच सांगितलं. हे गेलं त्या दिवशी ती वरून माडीतनं बघत व्हती. किल्ली नवऱ्याच्या खिशात. धावत आली तवर झालं व्हतं. तवापासनं आभाळ भरलं की रानात जायचं निमित्त करून कुलूप सैल करून येती. माठ तिचा, गोणपाट तिचं."

"बोलली का नाहीस?"

"तुला सांगितलं असतं तर तू पाटी घेऊन तिच्या दारात गेली असतीस." माझ्या मांडीवरच्या चादरीची घडी नीट करत म्हणाली, "तिनं गुपचूप उघडं ठेवलेलं दार तू झेंडं लावून बंद केलंस, विशे."

तीस वर्षांत मला इतकं कोणी बोललं नव्हतं. उठून बाहेर गेले.

तरी रात्री मी माझं म्हणणं लिहूनच ठेवते. चोरून उघडं ठेवलेलं दार हा उपकार आहे, हक्क नाही. आवडाबाई चार दिवस माहेरी गेल्या तर? आजारी पडल्या तर? एका बाईच्या भित्र्या दयेवर सतरा घरांचा जीव टांगता राहणार नाही. मावशी चूक नाही. मीही चूक नाही. पण ते पहिलं वाक्य खोटं आहे. ते फाडलं. फाडताना हात दुखला.

आवडाबाईंचं नाव घ्यायचं नाही. हेही ठरलं.

६ जून

ग्रामसभा. शाळेच्या व्हरांड्यात गर्दी. नानासाहेबांनी तक्रार वाचली. पुराव्याला जुनं कुलूप टेबलावर ठेवलं होतं. मग रूपाली उभी राहिली. कागद माझा, आवाज तिचा. धार काढायची नाही, असं आधीच बजावलं होतं.

"आम्ही कुलूप तोडलं नाही. अकरा माणसं विजेत सापडली ती नानासाहेबांमुळे नाही, माझ्यामुळे. मी वीस मोजले आणि चाळीस लिहिलं. होडीत लोखंडी पाइप मी उभे केले. ही चूक माझी, शिक्षा मला करा. पण पुंडलिककाकांच्या वेळी मी नव्हते. कुलूप होतं. माझ्या चुकीनं तुमचं कुलूप बरोबर ठरत नाही. ती खोली बारा महिने उघडी पाहिजे. मेहरबानी नको, ठराव पाहिजे."

मागं कुजबुज झाली. नानासाहेब उठले. "तोडलं नाही म्हणता, मग उघडलं कसं? पुंडलिकच्या भुतानं?"

मावशीनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. माझं उत्तर ओठांवर आलं होतं, एक वाक्य, धम्मपाल सुटला असता. मी दात दाबून बसले. आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसायला ताकद लागली.

बायकांच्या रांगेतून हालचाल झाली. आवडाबाई उभ्या राहिल्या. पदर दोन्ही हातांनी धरलेला.

"भुतानं नाही," त्या म्हणाल्या. आवाज इतका लहान की सरपंच पुढे वाकले. "मी उघडं ठेवलं होतं. हे अकराजण आत आले त्या दिवशीही. त्याच्या आधी बारा वेळा."

नानासाहेबांनी वळून पाहिलं. "काय बोलतेयस कळतंय का?"

"कळतंय. पुंडलिकभाऊ दार वाजवताना मी माडीवरून बघितले. तुम्ही झोपला होता. तुम्हाला उठवायला भ्याले. किल्ली काढीपर्यंत..." मग टेबलापाशी गेल्या, कुलूप उचललं, हिसका न देता बोटानं दाबलं. खट्. सगळ्या व्हरांड्याला ऐकू आलं. "बघा. धड आहे. तोडलेलं असं लागतं का?"

नानासाहेब खाली बसले. बराच वेळ हातातल्या तक्रारीची घडी घालत होते. शेवटी म्हणाले, "मोटरीला लोखंडी जाळी मारून द्या. मग दाराचं मला काही नाही." सांडू ओरडला, "जाळी मी मारतो, मांडवाचं लोखंड शिल्लक हाय! पाच पाइप तेवढे कमी पडतील."

ठराव झाला. सचिवानं "पावसाळ्यात" लिहिलं होतं. मी पाटी उचलून त्याच्या नाकासमोर धरली: बारा महिने. त्यानं खोडून लिहिलं.

व्हरांड्यातून उतरताना आवडाबाई समोर आल्या. मी पाटी पुसली आणि हात जोडले. मावशीनं पिशवीतून दोन्ही चादरी काढून त्यांना दिल्या. त्यांनी एकच घेतली. "ही राहू द्या तुमच्याकडं," काकांच्या अंगावरच्या चादरीवर हात ठेवून म्हणाल्या.

९ जून

दाराचा कडी-कोयंडा सांडूनं काढून टाकला. जुनं कुलूप मावशीनं मागून घेतलं आणि जाळ्याच्या खालच्या दोरीला वजन म्हणून बांधलं. "चांगलं पावशेर हाय. बुडतं बी झकास." किल्ली कुठं आहे विचारलं तर म्हणाली, "कशाला पाहिजे?"

२० जून

मौन आज संपलं. सकाळपासून पहिलं वाक्य कोणतं बोलावं याचा विचार करत होते. शहरातून फोन आले, सभा ठेवू म्हणाले. मी रूपालीकडून सांगितलं, ठेवा, बोलेन, घोगरं बोलेन, ऐकावं लागेल.

दुपारी मावशीबरोबर पाण्यावर गेले. धम्मपाल पुढे जाळं सोडत होता. चिरलेल्या बाभळीच्या दोन्ही अंगांवर बगळे बसले होते. आभाळ निळं. एकाएकी सगळे उठले आणि काठाकडे वळले.

मी तोंड उघडलं. जो आवाज निघाला तो माझा नव्हता, खरवडल्यासारखा होता, पण निघाला.

"मावशी, बगळे फिरले."

"मला दिसतंय," ती म्हणाली. "तोंड मीट आन वल्हं घे."